पुरसोबाबांचे एकोणसत्तर जीबी

"यातले एकोणसत्तर जीबी खंय गेले, ते मला आत्ताच्या आत्ता सांग," असं म्हणत सुलभाने माझ्या काउंटरवर हार्ड डिस्क ठेवली. खरं तर तिला ती आपटायची होती. पण शाळेत शिकवते, हाताला शिस्त आहे. "रविवारी मीटिंग आहे, विनू. तोवर उत्तर मिळालं नाही तर शाणूकाकांना काढतील."

डिचोलीच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चोवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी इतके कॉम्प्युटर उघडले, की त्यांतली धूळ साठवली असती तर मयेचा तलाव बुजला असता. कीबोर्डमधून मी मुंग्यांची अख्खी ग्रामपंचायत बाहेर काढली आहे, सरपंचासकट. एका ऑफिसच्या सीपीयूत पाल निघाली, ती तिथल्या हेडक्लार्कपेक्षा सीनियर होती. पण पेट्यांमध्ये इतकं सगळं सापडत असताना, पेटीतून जागाच चोरीला गेली म्हणून माणसाला मंडळातून काढायला निघालेले लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

सुलभा मयेच्या एका जुन्या नाट्यमंडळाची सेक्रेटरी. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण माणसं चिडकी आहेत आणि माझं दुकान रस्त्यालगत आहे. आमच्याकडे जत्रेचं नाटक गावानेच करायचं असतं. किराणावाला सरदार होतो, बसचा कंडक्टर सेनापती होतो, आणि वर्षभर ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू असतं, त्याच्या पायाशी तिसऱ्या अंकात लोळण घ्यावी लागते.

शाणूकाका या मंडळाचे प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत वही घेऊन बसणारा आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच सोडणारा माणूस. चाळीस वर्षं विंगेतली ती एक मोडकी कदेल, म्हणजे खुर्ची, त्यांची. लोक नटांना ओळखतात, प्रॉम्प्टरला फक्त नट ओळखतात. पोटापाण्याला काका खाणीच्या वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, रिकामा घ्यायचा, वजाबाकी करून स्लिप द्यायची. त्यांच्या काट्यावर ड्रायव्हरने खिशातली विडी फेकली तरी वजन बदलायचं असं लोक सांगतात. लोक कमी सांगतात. विडीच्या राखेनेही बदलायचं.

अशा माणसावर माप मारल्याचा आळ आला होता.

झालं असं. मंडळाच्या कपाटात जुन्या नाटकांच्या पंचेचाळीस व्हिडिओ टेप पडून होत्या. त्या खराब होण्याआधी कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. शाणूकाकांनी म्हापशाहून एक टीबीची हार्ड डिस्क आणली. मी त्यांच्या घरी एक जुना व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड लावून दिलं. कॅप्चर कार्ड म्हणजे टेपमधलं चित्र कॉम्प्युटरला पाजणारी नळी. या कामात घाई चालत नाही. तीन तासांचं नाटक तीन तासच घेतं. दीड महिना काका रोज जेवून टेप लावायचे आणि समोर बसून राहायचे. मी एकदा गेलो तर ओठ हलत होते. सवय. टीव्हीतल्या नटांनाही ते प्रॉम्प्ट करत होते.

काम झालं. डिस्क अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे पुरसोबाब. नारळाच्या मोठ्या भाटाचे, म्हणजे बागेचे, मालक, आवाज असा की त्यांनी मयेत शिंक दिली तर आमोण्याचा होडीवाला "आलो, आलो" म्हणतो. त्यांनी लॅपटॉपला डिस्क लावली आणि एकच नाटक शोधलं. सत्तावीस वर्षांपूर्वी ते स्वतः राजा झाले होते, ते. त्या नाटकातलं दुसऱ्या अंकातलं राजाच्या भाषणाची आठवण मयेचे म्हातारे अजून काढतात. डिस्कवर नाटकं चव्वेचाळीस. राजा नव्हता.

मग त्यांनी डिस्कची माहिती उघडली. खोक्यावर एक टीबी, म्हणजे हजार जीबी. पडद्यावर नऊशे एकतीस.

"ते म्हणतात," सुलभा सांगू लागली, "भाटाचा कोपरा तोडून विकावा तसा शाणूने डिस्कचा कोपरा तोडला. आणि त्याच कोपऱ्यात माझा राजा होता."

"आणि शाणूकाका काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. तेच तर."

मी डिस्क लावली. डिस्क ठणठणीत. एकच पार्टिशन, म्हणजे आत कुठे भिंत घालून खोली लपवलेली नाही. नाटकं मिळून तीनशे जीबीच्या आसपास, बाकी सगळी जागा रिकामी. मी सुलभाला प्रॉपर्टीजची खिडकी दाखवली. त्या खिडकीत एकाच ओळीत दोन आकडे असतात. उजवीकडचा छोटा आकडा सगळे वाचतात. डावीकडचा लांबलचक आकडा कोणी वाचत नाही, कारण तो वाचायला दोन वेळा श्वास घ्यावा लागतो.

"डावीकडचा मोज," मी म्हटलं.

तिने पडद्यावर बोट ठेवून आकडे मोजले. "एकावर बारा... म्हणजे एक लाख कोटी. वर थोडे."

"एक लाख कोटी बाईट. बाईट म्हणजे साठवणीचा एक बारीक दाणा. खोक्यावर एक टीबी लिहिलंय म्हणजे कंपनीने एवढे दाणे कबूल केलेत. सगळे आहेत. एकही कमी नाही."

"मग नऊशे एकतीस कसे?"

"कंपनी हजार दाण्यांची एक पिशवी धरते. कॉम्प्युटर एक हजार चोवीस दाण्यांची धरतो. त्याला दुपटीनेच मोजता येतं. दोन, चार, आठ, सोळा, असं करत तो हजाराच्या जवळ येतो तेव्हा एक हजार चोवीसवर थांबतो. पिशवी मोठी धरली की पिशव्या कमी भरणार. दाणे तेवढेच."

सुलभाला पटलं. पण ती म्हणाली, "मला पटून काय उपयोग? पुरसोबाबांना चोवीसचं काय सांगणार? ते म्हणतील, कंपनीचा हजार खरा. तू शाणूचा माणूस."

संध्याकाळी मी शाणूकाकांना दुकानात बोलावलं. उंडे, म्हणजे आमचे गोल कडक पाव, आणि चहा मागवला. काकांनी उंडो चहात बुडवला आणि तसाच धरून बसले. अर्धा उंडो कपात पडला तरी त्यांना कळलं नाही.

"काका, जागेचं मी बघतो. पण राजाचं नाटक का नाही?"

"टेपला बुरशी लागली होती."

फार पटकन उत्तर आलं. काट्यावरचा माणूस, स्लिप लिहिण्याआधी आकडा दोनदा वाचणारा. इतक्या पटकन ते स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत.

"मग पुरसोबाबांना तसं सांगा की."

"तू त्याला डिस्क समजाव, विनू. टेपचं काढू नको."

"तुम्हाला काढतील काका. विंगेत दुसरा बसेल."

त्यांनी कपातला उंडो चमच्याने काढला. "बसू दे," म्हणाले. आणि उंडो न खाताच उठले.

शुक्रवारी सकाळी मी आणि सुलभा पुरसोबाबांच्या घरी गेलो. लॅपटॉप नेला होता, तो उघडावाच लागला नाही. अंगणात नारळांचा डोंगर होता. मी तुम्हाला सांगतो, त्यावर चढलो असतो तर तेरेखोलचा किल्ला दिसला असता. व्यापाऱ्याचा माणूस मोजत होता. आमच्याकडे नारळ मोजायची रीत अशी: दोन्ही हातांत दोन-दोन, म्हणजे एका खेपेला चार नारळ पलीकडे टाकायचे. पंचवीस खेपा झाल्या की शेकडा. आणि त्यानंतर आणखी एक खेप, ती 'वर'ची. फुटका, बिनपाण्याचा निघेल त्याची भरपाई. ती मोजायची नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या शेकड्यात नारळ असतात एकशे चार. पुरसोबाब कदेलीवर बसून लक्ष ठेवत होते.

"विनायका, सापडले एकोणसत्तर?" माझं पाऊल अंगणात पडायच्या आत त्यांनी विचारलं. माडावरचे दोन कावळे उडाले.

"सांगतो. आधी एक सांगा. तुमच्या अंगणात नारळ मांडून एक-एक करून हजार मोजले. मग हा माणूस आला आणि त्याच्या रीतीने त्याने तेच मोजले. तो किती म्हणेल?"

"हजार नाहीच म्हणणार," पुरसोबाब म्हणाले. नारळाचा हिशेब त्यांना झोपेत येतो. "नऊ शेकडे भरतील. वर चौसष्ट सुटे."

"म्हणजे नऊशे चौसष्ट. मग छत्तीस नारळ कोणी चोरले? तुम्ही की पाडेलीने?"

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तो शेजारीच कोयता पुसत उभा होता. त्याने कोयता पुसणं थांबवलं.

"चोरले कसे?" पुरसोबाब तापले. "नारळ हजारच आहेत! त्याचा शेकडा मोठा. छत्तीस त्याच्या नऊ शेकड्यांच्या पोटात गेले."

"परत एकदा म्हणा."

"त्याचा शेकडा मोठा..." आणि ते थांबले. चांगलेच थांबले. व्यापाऱ्याचा माणूस खेप हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि आकडा विसरला.

"कंपनीने तुमच्या रीतीने मोजलं," मी म्हटलं. "कॉम्प्युटर व्यापाऱ्याच्या रीतीने मोजतो. फक्त तो शंभरावर चार घेत नाही, हजारावर चोवीस घेतो. आणि एकदा नाही, तीनदा घेतो. दाण्यांची पिशवी करताना एकदा, पिशव्यांचं पोतं करताना एकदा, पोत्यांची गाडी भरताना एकदा. गाडी म्हणजे तुमचा जीबी. सुलभा, कर."

सुलभाने मोबाइलवर हजाराला एक पूर्णांक चोवीस सहस्रांशाने भागलं आणि पडदा पुरसोबाबांच्या नाकासमोर धरला. "नऊशे शहात्तर." पुन्हा भागलं. "नऊशे त्रेपन्न." पुरसोबाब कदेलीतून पुढे झुकले. सुलभाने तिसऱ्यांदा भागलं आणि काही बोललीच नाही. शिक्षिका आहे, कुठे गप्प बसायचं ते तिला कळतं.

पुरसोबाबांनी स्वतः वाचलं. "नऊशे एकतीस."

"मग डिस्कचा कोपरा कोणी तोडला?"

"कोणी नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले की कावळे परत आले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. पुरसोबाबांनी कदेल मागे सरकवली. "जागेचं पटलं. पण माझा राजा कुठे? टेप शाणूकडे आहे. ती त्याने दाबून ठेवली. रविवारपर्यंत टेप आली नाही तर ठराव तसाच." आणि आम्ही निघताना मागून विचारलं, "विनायका, ती टेप कोणी पाहिली का?" गेटापाशी पुन्हा, "म्हणजे, गावात कोणी?"

मला ते तेव्हा खटकलं. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस "कुठे आहे" विचारतो. "कोणी पाहिली" असं विचारत नाही.

त्याच दुपारी मी थेट शाणूकाकांच्या घरी गेलो. "टेप द्या," म्हटलं. "बुरशी मी काढतो. मी टेपवरचीच काय, सरकारी फाइलवरची बुरशीही काढलेली आहे."

काकांनी आधी दार लोटून घेतलं. मग कपडे ठेवायच्या पेटीतून टेप काढली, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली. आरशासारखी स्वच्छ. बुरशी तिच्या गावालाही गेली नव्हती. आम्ही ती लावली.

पहिला अंक बरा होता. दुसरा अंक सुरू झाला आणि मला कारण समजलं. त्या वर्षी पुढे गर्दी फार, म्हणून कॅमेरा बाजूला, विंगेला लागून ठेवला होता. कॅमेऱ्याचा माइक काकांच्या कदेलीपासून दोन हातांवर. राजा पुढे आला, हात उचलला, आणि ओठ हलले. शब्द नाही. एक क्षण, दोन क्षण. मग विंगेतून शाणूकाकांचा आवाज आला. एक शब्द नाही, एक वाक्य नाही, अख्खं भाषण. काका राजाच्या आवाजात बोलत होते आणि राजा नुसते हात हलवत होता. पुढच्या लोकांना वाटलं राजाच बोलतोय. टाळ्या पडल्या त्या अशा, की टीव्हीवर ठेवलेलं फुलपात्र हललं.

"त्याची आई बांबोळीच्या हॉस्पिटलात होती," काका म्हणाले. "दुपारपर्यंत उशाशी बसला होता. तिथून थेट येऊन मुकुट चढवला. आठवणार कसं त्याला?"

"आणि हे तुम्ही सत्तावीस वर्षं कोणाला सांगितलं नाही?"

"प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला तर तो प्रॉम्प्टर नालायक, विनू. हे डिस्कवर घातलं तर नातवंडांनाही ऐकू जाईल." त्यांनी टेप बाहेर काढली. "तो भाषणाच्या नावावर जगतो रे. जगू दे. सांग, टेप खराब झाली."

माझा धंदा खोटं बोलायचा आहे असं काही गिऱ्हाइकं म्हणतात. "उद्या देतो" हे मी आयुष्यात दोन लाख वेळा बोललो असेन. पण शनिवारी सकाळी पुरसोबाब दुकानात एकटे येऊन उभे राहिले तेव्हा माझ्या तोंडून खोटं निघेना.

"टेप चालली?" त्यांनी विचारलं.

मी स्क्रू ड्रायव्हर शोधू लागलो. तो हातातच होता.

"त्यात शाणूचा आवाज येतो?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळं. पहिल्या दिवसापासून.

"येतो," मी म्हटलं.

"मोठ्याने?"

"पुरसोबाब, त्यात दुसरा आवाजच नाही."

ते स्टुलावर बसले. त्यांच्या वजनाने ते बिचारं स्टूल जमिनीत चार बोटं गेलं. "आईच म्हणाली होती, तू जा, लोक थांबलेत. मी उभा राहिलो आणि सगळं पुसलं गेलं. आठवड्याने ती गेली. मग लोक भाषणाबद्दल बोलायला लागले. मी काय सांगणार? थोपटतील तशी पाठ दिली." त्यांनी काउंटरवरची धूळ बोटाने ओढली. "डिस्क आली तेव्हा वाटलं, शाणूने हे बाजूला काढून ठेवलंय. कधीतरी गावाला दाखवील. म्हणून तो बोलायच्या आधी मीच त्याला चोर ठरवला."

"त्यांनी दाखवायला ठेवलं नव्हतं. कोणाला दिसू नये म्हणून ठेवलं होतं."

पुरसोबाबांनी बोटाची धूळ धोतराला पुसली. मग उठून म्हणाले, "ती टेप डिस्कवर घाल. पूर्ण. कापाकापी नको."

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात मीटिंग झाली. मी मंडळाचा सभासद नाही, तरी गेलो. डिस्क पोचवायची होती हे कारण. शाणूकाका शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. ठरावाचा कागद सुलभाच्या हातात होता. पुरसोबाबांनी तो घेतला, घडी करून खिशात घातला आणि उभे राहिले.

त्यांनी आधी नारळ आणि जीबी समजावून सांगितले. माझ्यापेक्षा चांगले, हे मला मान्य करावं लागेल. मग टेपचं सांगितलं. आईचं सांगितलं. भाषण कोणाचं होतं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "तर आज या सगळ्यांसमोर मी शाणूची..."

आणि अडकले. ओठ हलले. हात उचलला गेला. शब्द नाही. सत्तावीस वर्षांनी पुन्हा तसेच.

शेवटच्या रांगेतून, खांबाआडून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेताने आवाज आला, "माफी मागतो."

या वेळी मात्र तो सगळ्यांना ऐकू गेला. आधी सुलभा हसली, मग सभामंडप हसला, आणि पुरसोबाब हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. "माफी मागतो," त्यांनी म्हटलं, शब्दाला शब्द. शाणूकाका खाली बघत होते. कान मात्र लाल.

या जत्रेला विंगेत तेच बसले. मोडकी कदेल बदलून नवी आली, ती पुरसोबाबांच्या घरातली. डिस्कवर आता पंचेचाळीस नाटकं आहेत. शेवटच्या फाइलचं नाव पुरसोबाबांनी स्वतः टाइप केलं, एका बोटाने, पाऊण तास: राजा पुरसो, आवाज शाणू.

माझ्याकडे अजून दर महिन्याला कोणीतरी नवी डिस्क घेऊन भांडायला येतं. मी त्यांना डावीकडचा लांब आकडा वाचायला लावतो. तो खोक्याशी जुळला तर घरी जा, जुळला नाही तरच दुकानदाराला धरा, आणि आकडा वाचायच्या आधी कोणालाच धरू नका. एवढंच सांगतो. चहा त्यांनी पाजायचा.

आणि मंडळाच्या कपाटात ती डिस्क ज्या खोक्यात असते, त्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. खाणीच्या काट्यावरची जुनी स्लिप, शाणूकाकांच्या अक्षरात भरलेली. खोक्यावर: १०००. काट्यावर: ९३१. तफावत: नाही. खाली सही, आणि तिच्याशेजारी दुसरी सही, जरा मोठी, रेघेबाहेर गेलेली. ती पुरसोबाबांची.